मेल पाठवला, पण समोरच्याला मिळालाच नाही: स्वतःच्या डोमेनचे मेल अडतात तेव्हा काय तपासायचे

आधी लक्षणे. यातले कोणते तुमच्याकडे दिसते ते नीट ठरवा, कारण पुढची वाट त्यावरच ठरते.

• पाठवल्यावर लगेच, किंवा चार-पाच दिवसांनी, ‘तुमचा मेल पोहोचवता आला नाही’ असा परतीचा मेल येतो. म्हणजे बाऊन्स.
• बाऊन्स येत नाही, पण समोरचा म्हणतो, ‘अहो, स्पॅममध्ये सापडला.’
• बाऊन्स नाही, स्पॅममध्येही नाही. मेल कुठे गेला ते कोणालाच माहीत नाही.
• बाकी सगळ्यांना मेल जातात, फक्त एका सेवेवरच्या पत्त्यांना जात नाहीत.
• पोहोचतो, पण तास-दोन तासांनी.
• आउटबॉक्समधून हलतच नाही, पासवर्ड पुन्हा पुन्हा विचारला जातो.
• पाठवलेले सगळे पोहोचतात, पण येत काहीच नाही.
• वेबसाइटवरच्या संपर्क फॉर्मचे मेल एकाएकी बंद झाले.

छोट्या कार्यालयांचे मेल सांभाळताना ही आठ लक्षणे मी इतक्यांदा पाहिली आहेत की फोनवरचे पहिले वाक्य ऐकूनच साधारण अंदाज येतो. तरीही तपासण्याचा क्रम मी मोडत नाही. घाईघाईने डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनची माहिती जगाला सांगणाऱ्या नोंदींत, हात घातला की मूळ बिघाड राहतो बाजूला आणि दोन नवे तयार होतात. एका कार्यालयात बिघाड एवढाच होता की मुख्य पत्त्याचा मेलबॉक्स भरला होता. मी बघायला बसेपर्यंत तिघांनी मिळून एसपीएफच्या (आपल्या डोमेनच्या नावाने मेल कोण पाठवू शकते ते सांगणाऱ्या) तीन नोंदी करून ठेवल्या होत्या. मेलबॉक्स रिकामा करायला पाच मिनिटे लागली, नोंदी निस्तरायला दोन दिवस.

प्रत्येक पायरीवर विचारायचा प्रश्न

मेल ‘गेला’ असे आपण म्हणतो, पण खरे तर तो एका हातातून दुसऱ्या हातात दिला जातो. तुमचे अ‍ॅप तो तुमच्या सेवेच्या सर्व्हरकडे देते. तो सर्व्हर समोरच्या डोमेनची एमएक्स नोंद शोधतो, म्हणजे त्या डोमेनचे मेल कोण घेतो ते डीएनएसला विचारतो. मग त्या सर्व्हरशी पोर्ट २५ वर, म्हणजे ठरलेल्या क्रमांकाच्या दारावर, बोलणे सुरू होते: मी अमुक, पाठवणारा तमुक, घेणारा हा, आणि हा मजकूर. सगळे मिळाले की समोरचा सर्व्हर २५० हा आकडा परत देतो. त्याचा अर्थ: ‘मिळाले, आता जबाबदारी माझी.’ यापुढे एक तर त्याने मेल पोहोचवायचा, नाहीतर पाठवणाऱ्याला तसे कळवायचे, असा एसएमटीपीचा, म्हणजे सर्व्हरांनी एकमेकांना मेल देण्याच्या पद्धतीचा, नियम आहे.

म्हणून प्रश्न एकच ठेवायचा: या मेलसाठी शेवटचे २५० कोणत्या सर्व्हरने दिले? तुमच्या सर्व्हरने स्वीकारून पुढे दिलाच नाही, समोरच्याने नाकारला, की समोरच्याने स्वीकारून आत कुठेतरी ठेवला? या तीन बिघाडांची औषधे वेगवेगळी आहेत.

आणखी एक गोष्ट मनात असू द्या. एसएमटीपीचे मूळ लिखाण जॉन पोस्टेल यांचे, १९८२ चे. तेव्हा जाळ्यावरचे संगणक मोजके होते आणि ‘पाठवणारा खरेच तोच आहे का’ हे तपासण्याची सोय त्यात नव्हती. पाठवणाऱ्याची ओळख तपासणारी एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क ही जोडकामे नंतर झाली. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींतल्या बऱ्याचशा या जोडकामाच्या सांध्यांतच निघतात.

१. बाऊन्स आला असेल तर तो शेवटपर्यंत वाचा

बाऊन्स आला की लोक तो पुसून मेल पुन्हा पाठवतात. हे करू नका. उत्तर त्यातच लिहिलेले असते. वरचा गोड मजकूर सोडा आणि खाली तीन आकडी संकेतांक शोधा.

पहिला आकडा ४ असेल तर नकार तात्पुरता आहे: ‘आत्ता नाही, नंतर ये.’ पाठवणारा सर्व्हर स्वतःच पुन्हा प्रयत्न करतो. मानकाप्रमाणे दोन प्रयत्नांत निदान अर्धा तास जाऊ द्यावा आणि चार-पाच दिवस हार मानू नये. बाऊन्स कधीकधी चौथ्या-पाचव्या दिवशी येतो त्याचे कारण हेच. तासाभराने पोहोचणाऱ्या मेलमागेही अनेकदा हेच असते. काही सर्व्हर अनोळखी पाठवणाऱ्याला पहिल्या वेळी मुद्दाम ४५० किंवा ४५१ देऊन परत पाठवतात. याला ग्रेलिस्टिंग म्हणतात. स्पॅम पाठवणारी साधी यंत्रणा बहुधा परत येत नाही, खरा मेल सर्व्हर येतो. एवढेच कारण असेल तर काहीही दुरुस्त करायचे नाही.

पहिला आकडा ५ असेल तर नकार कायमचा आहे. त्याच्या शेजारी टिंबांनी जोडलेला आणखी एक संकेतांक असतो, तो जास्त बोलका:

• ५.१.१: असा मेलबॉक्सच नाही. दहातल्या नऊ वेळा पत्ता चुकलेला, किंवा ती व्यक्ती नोकरी सोडून गेलेली.
• ५.२.२: मेलबॉक्स भरला आहे.
• ५.३.४: मेल फार मोठा आहे.
• ५.७ ने सुरू होणारे: धोरण किंवा ओळख. तुमच्यावर किंवा तुमच्या सर्व्हरवर विश्वास नाही. खालच्या पायऱ्या मुख्यतः यासाठी आहेत.

बाऊन्स कोणत्या सर्व्हरने लिहिला तेही पाहा. तुमच्याच सेवेच्या सर्व्हरने लिहिला असेल आणि समोरच्याचे वाक्य त्यात उद्धृत केलेले असेल, तर नकार समोरच्याचा. उद्धृत वाक्यच नसेल तर मेल तुमच्या दारातून बाहेर पडलाच नाही.

तुम्ही पाठवलेच नाहीत अशा मेलांचे बाऊन्स ढिगाने येत असतील तर ते वेगळे प्रकरण. कोणीतरी तुमचा पत्ता पाठवणारा म्हणून लावला आहे किंवा तुमचे खाते फोडले आहे. पाठवलेल्या मेलांचा फोल्डर आणि खात्यातल्या लॉगिनची नोंद लगेच पाहा. पासवर्ड बदलायला पुढच्या पायरीची वाट पाहू नका.

२. ज्यात काहीच खर्च नाही अशा गोष्टी

पत्ता अक्षर-अक्षर वाचा. अ‍ॅप जुना पत्ता आपोआप भरते आणि तो वर्षानुवर्षे तसाच राहतो. यादीतून काढून पूर्ण पत्ता हाताने लिहा.

मेलबॉक्स किती भरला आहे ते पाहा. जीमेलच्या विनाशुल्क खात्यात मिळणारे १५ जीबी ड्राइव्ह आणि फोटोंमध्येही वाटले जातात. इनबॉक्स रिकामा दिसतो, पण फोटोंनी जागा संपलेली असते आणि येणारे मेल परत फिरतात.

जोडलेल्या फायलींचा आकार मोजताना फसगत होते. मेलमधून फाइल जाताना ती साध्या अक्षरांत रूपांतरित होते. या बेस६४ पद्धतीत दर तीन बाइटची चार अक्षरे होतात, म्हणजे आकार साधारण एक तृतीयांशाने फुगतो. २५ एमबीची मर्यादा असलेल्या सर्व्हरने २० एमबीची फाइल नाकारली, तर तो चुकत नाही.

मग फिल्टर आणि फॉरवर्डिंगचे नियम. ‘मेल येतच नाहीत’ या तक्रारीत मी इथे नेहमी थांबून पाहतो. खाते फोडणारे लोक आत शिरून एक नियम करून ठेवतात: बिल, पेमेंट असे शब्द असलेला मेल आला की तो ‘वाचलेला’ करून आरएसएस फीडसारख्या कोणी न उघडणाऱ्या फोल्डरमध्ये टाकायचा, किंवा बाहेरच्या पत्त्यावर पाठवून इथून पुसायचा. मालकाला वाटते ग्राहक उत्तर देत नाहीत. असा अनोळखी नियम दिसला तर तो पुसू नका, त्याचा फोटो काढून ठेवा आणि थेट शेवटच्या भागाकडे जा.

पॉप पद्धतीने मेल उतरवणारा एखादा जुना संगणकही तपासा. पॉप३ मेल स्वतःकडे उतरवून सर्व्हरवरून पुसू शकते. फोनवर मेल दिसत नाहीत, पण कोपऱ्यातल्या संगणकावर सगळे शाबूत असतात. त्या अ‍ॅपमध्ये ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ ही खूण करा, किंवा सरळ आयमॅपवर, म्हणजे मेल सर्व्हरवरच ठेवून वाचण्याच्या पद्धतीवर, या.

शेवटी डोमेनची मुदत. आठवणीचे मेल त्याच डोमेनवरच्या पत्त्यावर जातात किंवा सोडून गेलेल्या माणसाच्या नावावर, म्हणून मुदत संपल्याचे कोणाला कळतच नाही. वेबसाइट आणि मेल एकाच दिवशी बंद पडले तर सगळ्यात आधी हे पाहा.

३. आउटबॉक्समध्येच अडकत असेल तर

मेल अ‍ॅपमधून निघताना पोर्ट ५८७ किंवा ४६५ आणि नाव-पासवर्ड हवा. पोर्ट २५ हे सर्व्हरने सर्व्हरशी बोलायचे दार आहे. अनेक इंटरनेट सेवा सामान्य जोडणीवरून ते मुद्दाम बंद ठेवतात, आणि ते योग्यच आहे. जुन्या अ‍ॅपमध्ये २५ लिहिलेले असेल तर ते बदला. पहिले ५८७ लावून ‘स्टार्ट टीएलएस’ निवडा (टीएलएस म्हणजे वाटेत बोलणे गुप्त ठेवणारे कुलूप). ४६५ लावले तर थेट टीएलएस निवडावे लागते. या दोन जोड्यांची अदलाबदल झाली की अ‍ॅप नुसते फिरत राहते आणि काय चुकले तेही सांगत नाही.

पासवर्ड बरोबर असूनही नाकारला जात असेल तर बहुधा जुनी पद्धत बंद झाली आहे. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२२ पासून एक्स्चेंज ऑनलाइन या आपल्या मेल सेवेवर आयमॅप आणि पॉपसाठी नुसत्या नाव-पासवर्डची पद्धत बंद करायला घेतली. गुगलनेही तसेच केले आहे. अशा वेळी अ‍ॅप नव्या लॉगिन पद्धतीचे हवे, किंवा सेवा देत असेल तर वेगळा अ‍ॅप पासवर्ड.

४. एक चाचणी मेल आणि त्याचे हेडर

दुसऱ्या सेवेवरच्या तुमच्याच एखाद्या खात्यावर मेल पाठवा आणि तिथे त्याचे मूळ रूप उघडा. जीमेलमध्ये ‘शो ओरिजिनल’ असा पर्याय आहे, बाकी ठिकाणी ‘सोर्स’ किंवा ‘हेडर’ नावाने सापडतो. वर तीन निकाल असतात: एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क. तिन्ही ‘पास’ असतील तर डीएनएसला हात लावायचा नाही. मग दोष मजकुरात, यादीत किंवा सर्व्हरच्या नावलौकिकात आहे.

त्याच हेडरमध्ये ‘रिसिव्ह्ड’ने सुरू होणाऱ्या ओळी असतात. मेल हातात घेणारा प्रत्येक सर्व्हर आपली ओळ वर लावतो, म्हणून प्रवास खालून वर वाचायचा. प्रत्येक ओळीतली वेळ पाहा आणि टाइमझोनचा फरक वजा करा. मेल कुठे दीड तास बसून होता ते तिथेच दिसते. खालच्या ओळी खोट्या लिहिता येतात हे मात्र विसरू नका. घेणाऱ्या सेवेने स्वतः लावलेल्या ओळींवरच विसंबा.

हे निकाल समजण्यासाठी एक भेद लागतो, आणि तो न कळल्यामुळेच लोक गोंधळतात. प्रत्येक मेलला पाठवणाऱ्याचे दोन पत्ते असतात. एक पाकिटावरचा, जो सर्व्हर एकमेकांशी बोलताना सांगतात आणि ज्यावर बाऊन्स परत जातो. दुसरा आतल्या पत्रावरचा, जो वाचणाऱ्याला दिसतो. दोन्ही सारखेच असतील असे नाही. एसपीएफ पाकीट तपासते. डीकेआयएम पत्रावरची सही तपासते. डीमार्क विचारते: पाकिटावरचे किंवा सहीतले डोमेन, वाचणाऱ्याला दिसणाऱ्या डोमेनशी जुळते का? म्हणूनच ‘एसपीएफ पास, डीमार्क फेल’ असा निकाल येऊ शकतो. तुमच्या नावाने बातमीपत्र पाठवणारी सेवा पाकिटावर स्वतःचे डोमेन लिहिते, एसपीएफ तिच्या नावावर पास होते, पण पत्रावर दिसता तुम्ही. त्या सेवेत तुमच्या डोमेनची डीकेआयएम सही चालू केली की हे सुटते. तुमच्या एसपीएफमध्ये त्या सेवेचे नाव घालून ते सुटत नाही, आणि बहुतेक लोक नेमके तेच करतात.

५. संपर्क फॉर्म

यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण माझ्याकडे सगळ्यात जास्त वेळा येणारा बिघाड हाच.

पहिला प्रकार. फॉर्म भरणाऱ्याने आपला पत्ता लिहिला, आणि फॉर्म बनवणाऱ्याने तोच पत्ता ‘पाठवणारा’ म्हणून लावला. हेतू चांगला, की उत्तर द्यायला सोपे जावे. पण याचा अर्थ तुमचा वेब सर्व्हर दुसऱ्याच्या डोमेनच्या नावाने मेल पाठवतो आहे. त्या डोमेनने डीमार्कमध्ये ‘नाकारा’ असे सांगितले असेल तर मेल दारातच परत जातो. म्हणून काही लोकांचे फॉर्म येतात आणि काहींचे येत नाहीत, आणि शोधणारा चक्रावतो. उपाय: पाठवणारा कायम तुमच्या डोमेनचा पत्ता, आणि भरणाऱ्याचा पत्ता ‘रिप्लाय-टू’मध्ये. उत्तर त्यालाच जाते आणि कोणाचे सोंगही घ्यावे लागत नाही.

दुसरा प्रकार जास्त लपलेला. वेबसाइट एका होस्टिंगवर आणि मेल दुसऱ्या सेवेवर. एका कार्यालयाने वेबसाइट नव्या होस्टिंगवर हलवली. बाहेरून येणारे मेल नीट येत होते, फक्त फॉर्मचे येईनात. स्पॅम पाहिला, एसपीएफ पाहिले, सगळे ठीक. शेवटी होस्टिंगच्या पॅनेलमध्ये शिरलो तेव्हा दिसले की तिथे त्याच नावाचा एक मेलबॉक्स आपोआप तयार झाला होता आणि तीन आठवड्यांच्या चौकश्या त्यात न वाचलेल्या पडून होत्या. वेब सर्व्हरला वाटत होते की या डोमेनचे मेल आपल्याकडेच राहतात. त्यामुळे एमएक्स विचारायच्या भानगडीत तो पडलाच नाही. त्याच्या दृष्टीने मेल पोहोचला होता, म्हणून बाऊन्सही नाही. शेवटचे २५० त्यानेच दिले होते, स्वतःला. सी-पॅनेल या होस्टिंगच्या पॅनेलमध्ये हे ‘ईमेल राउटिंग’ या ठिकाणी बदलता येते: ‘लोकल’च्या जागी ‘रिमोट’. बदलण्याआधी त्या मेलबॉक्समध्ये साठलेले मेल काढून घ्या. त्यात खरी माणसे उत्तराची वाट पाहत असतात.

याच बिघाडाचा सख्खा भाऊ: त्याच होस्टिंगवरच्या दुसऱ्या एखाद्या डोमेनवरून पाठवलेले मेल तुम्हाला मिळत नाहीत, बाकी जगाचे मिळतात. औषध तेच.

फॉर्म थेट वेब सर्व्हरवरून न पाठवता तुमच्या मेल सेवेच्या खात्यातून, नाव-पासवर्ड देऊन, पोर्ट ५८७ वरून पाठवायला लावला तर हे दोन्ही प्रकार एकदम संपतात. मी हल्ली सगळीकडे हेच करतो.

६. डीएनएसच्या चार नोंदी

आधी सध्याच्या सगळ्या नोंदी उतरवून, तारीख घालून जपून ठेवा. मगच बदल. आणि बदल केल्यावर थांबा: प्रत्येक नोंदीला टीटीएल असतो, तितके सेकंद जगातले सर्व्हर जुनेच उत्तर धरून बसतात. ३६०० असेल तर एक तास. दहा मिनिटांत फरक पडला नाही म्हणून पुन्हा काही बदलणे हा नवा बिघाड.

एमएक्स. इथे लहान आकडा म्हणजे आधीचा मान. १० आणि २० असतील तर १० कडे आधी जायचे. होस्टिंग बदलताना नेमसर्व्हरही, म्हणजे डीएनएसच्या नोंदी जिथे ठेवतात ते सर्व्हर, बदलले की जुन्या जागेवरच्या एमएक्स नोंदी मागेच राहतात, आणि मग ‘जातात सगळे, येत काहीच नाही’. जुन्या सेवेची एमएक्स नवीच्या शेजारी ‘असू दे’ म्हणून ठेवू नका. नव्या सर्व्हरशी क्षणभर संपर्क झाला नाही की मेल जुन्याकडे जातो आणि तिथे हरवतो. एमएक्समध्ये सर्व्हरचे खरे नाव हवे, सीनेम नोंदीचे टोपणनाव चालत नाही.

एसपीएफ. एका डोमेनला एकच नोंद. दोन असल्या तर घेणारा दोन्ही बाद करतो आणि निकाल ‘पर्मएरर’, म्हणजे कायमची चूक, येतो. नवी सेवा घेतली की तिचा ‘इन्क्लूड’, म्हणजे त्या सेवेच्या सर्व्हरांना परवानगी देणारा भाग, आहे त्याच ओळीत घाला. दुसरी मर्यादा कमी लोकांना माहीत असते: ती नोंद तपासताना डीएनएसला जास्तीत जास्त १० वेळा विचारता येते. इन्क्लूडच्या पोटातले इन्क्लूडही मोजले जातात. ‘आयपी४’ ने थेट लिहिलेले पत्ते मोजले जात नाहीत. काल चालत होते आणि आज आपोआप बिघडले, असे तेव्हा होते जेव्हा तुम्ही घातलेल्या एखाद्या सेवेने आपल्या बाजूला एक इन्क्लूड वाढवला आणि तुमची बेरीज ११ झाली. वापरात नसलेल्या सेवा काढून टाका. हा खरा उपाय आहे.

डीकेआयएम. इथे किल्लीचा सार्वजनिक भाग डीएनएसमध्ये असतो आणि गुप्त भागाने तुमची सेवा सही करते. २०४८ बिटची किल्ली लांब असते, आणि डीएनएसच्या टीएक्सटी नोंदीत एका तुकड्यात २५५ अक्षरेच मावतात. काही पॅनेल तुकडे आपोआप करतात, काही शेवट गुपचूप कापतात. म्हणून जतन केल्यावर नोंद बाहेरून वाचा आणि मूळ किल्लीशी शेवटच्या अक्षरापर्यंत ताडून पाहा. नोंद बरोबर आहे तरी ‘फेल’ येत असेल तर सही झाल्यावर कोणीतरी मजकूर बदलतो आहे. ‘हा मेल गोपनीय आहे’ अशी तळटीप चिकटवणारी यंत्रणा हे नेहमीचे कारण. तळटीप आधी, सही नंतर असा क्रम लावा.

डीमार्क. नसेल तर ‘नन’ या धोरणाने सुरुवात करा आणि अहवाल एखाद्या पत्त्यावर मागवा. एकदम ‘रिजेक्ट’ लावू नका. अहवालांत तुम्ही विसरलेल्या जागा दिसतात: बिले पाठवणारे सॉफ्टवेअर, स्कॅन करून मेल करणारा प्रिंटर. त्या सगळ्या नीट झाल्यावर पुढची पायरी. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहू यांनी सगळ्या पाठवणाऱ्यांकडून एसपीएफ किंवा डीकेआयएम मागायला सुरुवात केली. जीमेलच्या खात्यांना दिवसाला ५००० च्या आसपास किंवा जास्त मेल पाठवणाऱ्यांना दोन्ही, शिवाय डीमार्क आणि एका क्लिकवर नाव काढण्याची सोय सक्तीची झाली. स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांपर्यंत जाऊ द्यायच्या नाहीत असेही त्यांचे म्हणणे आहे. ‘वर्षानुवर्षे काही न करता चालत होते’ हे खरे असते, पण ते आता चालणार नाही.

७. मेल पुढे वळवत असाल तर

एका डोमेनवर आलेला मेल आपोआप दुसऱ्या खात्यावर वळवला की पाकिटावर मूळ पाठवणाऱ्याचे नाव तसेच राहते, पण मेल घेऊन येतो तुमचा सर्व्हर. एसपीएफ मोडते. मूळ मेलवर डीकेआयएम सही असेल आणि वाटेत मजकूर बदलला नसेल तर मेल तरून जातो, नाहीतर अडतो. वळवणाऱ्या सर्व्हरवर एसआरएस चालू करून पाकिटावरचा पत्ता बदलता येतो. पण माझे स्पष्ट मत असे की वळवणे बंद करावे आणि दोन्ही खाती एकाच अ‍ॅपमध्ये आयमॅपने जोडावीत. वळवलेला स्पॅमसुद्धा तुमच्याच सर्व्हरच्या नावावर चढतो.

८. काळ्या याद्या आणि उलटे नाव

स्वतःचा मेल सर्व्हर नसेल तर इथे तुम्हाला करण्यासारखे थोडेच आहे, पण बाऊन्सचा अर्थ लागावा म्हणून वाचा.

काळ्या याद्यांत स्पॅम पाठवणाऱ्यांचे पत्ते असतात. घेणारा सर्व्हर तुमचा आयपी, म्हणजे आकडी, पत्ता उलट्या क्रमाने लिहून अशा यादीच्या डोमेनला डीएनएसमधूनच विचारतो. उत्तर आले तर पत्ता यादीत, नाही आले तर नाही. स्पॅमहाउस या याद्या ठेवणाऱ्या संस्थेची पीबीएल ही यादी शिक्षेची नव्हे: ज्या जोडण्यांवरून थेट मेल येऊ नये असे पत्ते तिच्यात असतात. तुमच्या जोडणीचा पत्ता त्यात दिसला म्हणून घाबरू नका. मेल पोर्ट ५८७ वरून आपल्या सेवेमार्फत पाठवा, म्हणजे झाले. बाऊन्समध्ये १२७.२५५.२५५.२५४ असे उत्तर दिसले तर तुम्ही यादीत नाहीच: घेणाऱ्याने यादीला सार्वजनिक डीएनएसमधून विचारले, स्पॅमहाउसने उत्तर नाकारले, आणि त्या सर्व्हरने नकाराचा अर्थ ‘दोषी’ असा लावला. दुरुस्ती त्यांच्याकडे व्हायची आहे. फोन करून हा आकडा त्यांना सांगा.

सर्व्हर तुमचा असेल तर त्याच्या आयपीची पीटीआर नोंद, म्हणजे पत्त्यावरून नाव, आणि त्या नावावरून पुन्हा तोच पत्ता, असे दोन्ही बाजूंनी जुळायला हवे. पीटीआर तुमच्या डोमेनच्या पॅनेलमध्ये लागत नाही. ज्याने आयपी दिला त्याच्याकडेच ती लावून घ्यावी लागते.

कुठे थांबायचे

पुढच्या स्थितीत दुरुस्ती स्वतः करू नका: खाली सांगितले तेवढेच करा आणि जाणकाराला बोलवा.

खात्यात अनोळखी नियम किंवा लॉगिन सापडले, आणि त्यातच एखाद्या ग्राहकाला ‘आमचा बँक खाते क्रमांक बदलला’ असा मेल गेल्याचे कळले, तर सगळ्यात आधी बँकेला आणि त्या ग्राहकाला फोन करा. मेलने कळवू नका, तो वाचला जात असेल. पासवर्ड बदला, सगळीकडून लॉगआउट करा, पण मेल, नियम, नोंदी काहीही पुसू नका. तो पुरावा आहे.

सर्व्हरच्या रांगेत तुम्ही न पाठवलेले शेकडो मेल दिसले तर पाठवणे थांबवा आणि सर्व्हर जाणकाराच्या हाती द्या. काळ्या यादीतून नाव काढण्याची विनंती आधी करू नका. भोक बुजवल्याशिवाय नाव काढले तर ते पुन्हा चढते, आणि दुसऱ्यांदा काढणे अवघड जाते.

डीमार्क ‘रिजेक्ट’वर न्यायचे आहे आणि तुमच्या नावाने पाच-सहा सेवा मेल पाठवतात, डोमेन कोणाच्या नावावर आहे हेच कळत नाही, किंवा मेल एका सेवेवरून दुसरीकडे हलवायचे आहेत: ही तीन कामेही शिकाऊ हातांची नव्हेत.

तिन्ही निकाल पास आहेत, यादीत नाव नाही, तरी एकच सेवा मेल नाकारते आहे, तर त्या सेवेच्या पोस्टमास्टरला, म्हणजे तिथले मेल सांभाळणाऱ्यांना, लिहावे लागते. बहुतेक मोठ्या सेवांकडे त्यासाठी अर्ज असतो. तो तुमच्या मेल सेवेने भरलेला बरा, कारण आयपी त्यांचा आहे.

जाणकाराला बोलावताना एवढे हाताशी ठेवा: मूळ बाऊन्स, फाइल म्हणून जोडलेला, कारण स्क्रीनशॉटमध्ये हेडर येत नाही. पोहोचलेल्या एका मेलचे आणि स्पॅममध्ये गेलेल्या एका मेलचे पूर्ण हेडर. पाठवल्याची नेमकी वेळ, टाइमझोनसह. बदल करण्याआधी उतरवून ठेवलेल्या डीएनएस नोंदी. आणि बिघाड सुरू होण्याच्या आदल्या आठवड्यात काय काय बदलले त्याची यादी, क्षुल्लक वाटले तरी. ‘वेबसाइट नवी केली, पण त्याचा मेलशी काय संबंध’ हे वाक्य मी फार वेळा ऐकले आहे, आणि बहुतेक वेळा संबंध तिथेच निघाला आहे.